घराण्याचा वारसा आणि मुलीचा वाटा

बारावीचा किंवा सीईटीचा निकाल लागला की गुणवंत मुलींच्या मुलाखती छापून येतात. त्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: हे यश आईवडिलांच्या संस्कारांचं. सत्काराला आलेले पाहुणे तेच वाक्य जरा फुगवून बोलतात. शिक्षकाची मुलगी प्राध्यापक झाली किंवा डॉक्टरची मुलगी डॉक्टर झाली, की 'वारसा पुढं चालवला' म्हणून आपण मोकळे होतो. यात खोटं काही नाही, पण समजूत उथळ आहे. तिच्यात घराणं म्हणजे एक पवित्र विहीर आणि मुलगी म्हणजे तिच्यातून भरून निघालेली घागर. मुलीच्या आधी त्या घरात कुणाला काय मिळालं, कुणाला काय नाकारलं गेलं आणि मुलीनं ते पाहून काय ठरवलं, हे सगळे प्रश्न या समजुतीत गळून पडतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. विद्यापीठाच्या दाराशी आलेल्या तरुण मुलीचं उद्दिष्ट घराच्या उपदेशातून ठरत नाही. ते घराच्या व्यवहारातून ठरतं. पैसा, अंतर, वेळ आणि सही या चार गोष्टी ते आखतात. मूल्यांची गोष्ट वेगळी. ती घरातून आयती मिळत नाहीत. घरानं जे दिलं आणि जे राखून ठेवलं, त्याचा न्याय मुलगी आपल्या मनाशी करते आणि त्या निवाड्यातून तिची मूल्यं तयार होतात. म्हणून एकाच घरातून निघालेल्या दोन बहिणींची उद्दिष्टं आणि मूल्यं एकमेकांना ओळखही देणार नाहीत इतकी वेगळी असू शकतात.

१. घर बोलतं एक, मोजतं दुसरं

'आम्ही मुलगा-मुलगी भेद करत नाही' असं न म्हणणारं सुशिक्षित घर आज महाराष्ट्रात सापडणं कठीण. तेव्हा बोलण्यावरून काही कळत नाही. कळतं ते प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरताना. कॉलेजांची यादी पसंतीक्रमानं लावायची असते. मुलाच्या यादीत पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर असं काहीही चालतं. मुलीच्या यादीत 'जाऊन-येऊन करता येईल' अशी कॉलेजं वर सरकतात. नंतर 'मावशी आहे तिथं' ती. उरलेल्या महाराष्ट्राची पाळी शेवटी. कुणी ओरडत नाही, कुणी बंदी घालत नाही. फॉर्म भरून होतो आणि मुलीची शाखा ठरून जाते.

ग्रामीण मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकर मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. या एका पासानं किती मुली शाळेत टिकल्या, हे खेड्यातल्या कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारावं. बारावीनंतर मात्र अंतराचा सगळा भार घरावर येतो. तिथं घराच्या परंपरेची खरी परीक्षा होते, कारण अंतर म्हणजे नुसतं भाडं नसतं. रात्री उशिरा परतणारी मुलगी गावाला कशी दिसेल, तिच्याबद्दल आत्या काय बोलेल, हेही त्यात मोजलेलं असतं.

वेळेचंही तसंच. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्यात आलेल्या मुलामुलींनी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका भरलेल्या असतात. मुलाला 'होईपर्यंत कर' असं सांगून पाठवलेलं असतं; अनेक मुलींना 'दोन अटेम्प्ट, मग बघू'. या 'बघू'चा अर्थ तिला आणि घराला दोघांनाही माहीत असतो. ज्या परीक्षेला धीर लागतो तिला मोजून दिलेल्या वर्षांत सामोरं जाणारी मुलगी साहजिकच लवकर हाती लागेल असं पद निवडते. नंतर लोक म्हणतात, मुलींची महत्त्वाकांक्षाच कमी.

श्रीमंत घरं यातून सुटलेली नाहीत. स्वतःचं हॉस्पिटल असलेल्या कित्येक घरांत मुलगी एमबीबीएसला जाते ती कौतुकानं, खर्चाची पर्वा न करता. पण हॉस्पिटलचा वारस कोण, हा प्रश्न आला की डोळे मुलाकडं वळतात, आणि मुलगा नसला तर डॉक्टर जावयाकडं. त्या मुलीला घराण्याचा व्यवसाय मिळाला, घराण्याची खुर्ची मिळाली नाही. तिनं पुढं कोणत्या विषयात एमडी करावं याचा सल्ला देताना घर हा फरक विसरलेलं नसतं.

२. साधन मिळतं, दिशा मिळत नाही

वारसा म्हणून घर काय देऊ शकतं याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि आईनं ते १८५८ साली जन्मलेल्या रमेला शिकवलं. पुराणं सांगत हिंडणाऱ्या या कुटुंबातले आई, वडील आणि बहीण दुष्काळात गेले. भावाबरोबर पायपीट करत कलकत्त्याला पोचलेल्या तरुण रमाबाईंना १८७८ साली तिथल्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. इथपर्यंत गोष्ट वारशाची आहे, आणि सत्काराच्या भाषणात ती इथंच थांबते.

पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. ज्या शास्त्रांचं पाठांतर घरानं दिलं, त्यांत बाईला काय स्थान आहे हे रमाबाईंनी त्याच पाठांतराच्या बळावर तपासलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा मराठी अनुवाद केला. अनंतशास्त्र्यांनी घरात भाषा शिकण्याची जी शिस्त रुजवली, ती या अनुवादापर्यंत सरळ पोचते. त्यांच्या श्रद्धा तिथं पोचत नाहीत. वडिलांचं हत्यार मुलीच्या हातात आलं, त्यानं काय कापायचं हे तिनं ठरवलं. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल कुणाचं काहीही मत असो, वारशाचं काम कसं चालतं हे त्यात स्वच्छ दिसतं.

दुसरं उदाहरण दोन सख्ख्या बहिणींचं आहे. भागवतांचं घर विद्वानांचं. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. धाकटी कमला मुंबईहून बी.एस्सी. होऊन १९३३ साली त्याच संस्थेच्या दाराशी गेली, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून तिला नकार दिला. ती हटली नाही. शेवटी वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ साली तिला केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. कमला सोहोनी या नावानं पुढं तिनं जीवरसायनशास्त्रात काम केलं. थोरली दुर्गा. तिचं पीएच.डी.चं काम आदिवासी भागात ओढवलेल्या दीर्घ आजारपणानं सुटलं, आणि तिनं आयुष्यभर विद्यापीठाच्या चौकटीबाहेर राहून लोकसाहित्याचा असा अभ्यास केला की विद्यापीठांनीच तिच्याकडून शिकावं. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी आणीबाणीचा निषेध केला आणि नंतर तुरुंगवास पत्करला.

घर एक, पुस्तकं तीच, आईवडील तेच. कमलाबाईंना टाटा इन्स्टिट्यूटची वाट घरात माहीत होती, म्हणून त्या तिथं धडकल्या. त्या काळी एरवी कुठल्या मुलीच्या डोक्यात हे नाव आलं असतं? उद्दिष्टावर घराचा ठसा असतो तो असा: कोणती दारं अस्तित्वात आहेत एवढं घर सांगतं. पण दार बंद झाल्यावर तिथं उभं राहायचं की दुसरीकडं वळायचं, आणि सत्तेपुढं बोलायचं की गप्प बसायचं, याचा धडा कोणत्याही घराण्यात लिहून ठेवलेला नसतो.

३. पुरोगामी घराचीही वेस असते

'घर सुधारकी असेल तर प्रश्नच येत नाही' ही वारशाच्या समजुतीची पुढची पायरी. तिला उत्तर म्हणून इरावती कर्व्यांचं आयुष्य पुरेसं आहे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढल्या. सासरे साक्षात धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे, म्हणजे १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारणारा माणूस. महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाचा याहून थोर वारसा मागूनही मिळाला नसता. आणि सून उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघाली तेव्हा विरोध केला तो याच अण्णांनी. पती दिनकर ठाम राहिले, जीवराज मेहतांकडून कर्ज मिळालं आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

अण्णांना दांभिक ठरवून हा प्रसंग मिटवता येईल, पण तो अन्याय होईल. त्यांनी मुलींसाठी जे शिक्षण कल्पिलं होतं ते त्यांच्या काळाच्या मानानं फार पुढचं होतं. स्वतःच्या सुनेनं त्या कल्पनेच्या पलीकडं पाऊल टाकलं, एवढंच. सुधारक पिढी आपली वेस आखते ती आपण ओलांडलेल्या अंतरावर. पुढच्या पिढीच्या मुलीला ती वेस कुंपणासारखी लागते. आज स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्या घरांत 'तुला हवं ते शीक' याच्या मागोमाग 'पण' येतो तो याच ठिकाणी. मुलीनं इंग्रजी साहित्य घेतलं तर कौतुक, चित्रपटाचं संकलन शिकायचं म्हटलं तर घरात शांतता. परदेशात एम.एस. करायला हरकत नाही, तिथं एकटीनं राहायचं ठरवलं तर आहे.

बर्लिनमध्ये इरावतीबाईंनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांतावर विश्वास होता. कवट्यांची मापं घेऊन इरावतीबाईंनी निष्कर्ष काढला तो गुरूंच्या अपेक्षेविरुद्ध: त्या सिद्धांताला मापांत आधार नाही. हे धैर्य त्यांना परांजप्यांकडून आलं की कर्व्यांकडून, असं शोधत बसण्यात अर्थ नाही. सासऱ्यांची इच्छा एकदा मोडून तिथं पोचलेल्या बाईला गुरूची अपेक्षा मोडणं थोडं सोपं गेलं असेल, असं मला वाटतं. हे अनुमान आहे, आणि मी ते अनुमान म्हणूनच मांडतो.

४. कागदावरचं घराणं

घराण्याच्या वारशाबद्दल आपण भावुक बोलतो, पण महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गातल्या मुलीला तो वारसा व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाआधी अक्षरशः सिद्ध करावा लागतो. जातवैधता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला 'व्हॅलिडिटी' म्हणतात ते, मिळवण्यासाठी पडताळणी समितीपुढं वंशावळ मांडावी लागते. वडील, आजोबा, पणजोबा, चुलते. त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले, महसुली नोंदी. अनुसूचित जातीला १९५० च्या, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आणि इतर मागासवर्गाला १९६७ च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो. तालुक्याच्या गावी जुन्या शाळेच्या कपाटातून वाळवी लागलेलं रजिस्टर काढून त्यात आजोबांचं नाव बोटानं शोधणारी मुलगी आणि तिचे वडील हे जून महिन्यातलं नेहमीचं दृश्य आहे.

ही वंशावळ साधारणपणे वडिलांकडची चालते. आईकडची माणसं त्यात येत नाहीत. आत्या चालते, कारण ती वडिलांच्या रक्ताची. म्हणजे जुन्या काळी आत्याला शाळेत घातलं असेल, तर तिचा दाखला आज भाचीच्या प्रवेशाला उपयोगी पडू शकतो. घातलंच नसेल तर दाखला कुठून येणार? साठ-सत्तर वर्षांपूर्वी 'मुलीच्या जातीला शाळा कशाला' म्हणून घेतलेला निर्णय असा कागदाच्या रूपानं, किंवा कागद नसण्याच्या रूपानं, पुढच्या मुलीसमोर येऊन उभा राहतो. व्याख्यानातल्या कुठल्याही संस्कारापेक्षा वारशाची ही व्याख्या मला जास्त खरी वाटते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावणं राज्यानं बंधनकारक केलं आहे, चांगलं झालं. वंशावळीचा तक्ता मात्र अजून बापाच्या रेघेनंच खाली उतरतो.

५. 'वारसाच नाही' म्हणतात ती घरं

ज्या घरात आधी कुणी शिकलेलं नाही, तिथल्या मुलीबद्दल 'शून्यातून वर आली' असं लिहायची पद्धत आहे. हे शून्य मला मान्य नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातल्या मुक्ताबाईनं वयाच्या चौदाव्या वर्षी महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तिच्या घरात ग्रंथ नव्हते. पण पेशवाईत आपल्या माणसांवर काय गुदरलं याची आठवण होती, पिढ्यांनी सांगत आणलेली. अक्षर हाती येताच ती आठवण कागदावर आली. तिला अक्षर शाळेनं दिलं. सांगायचं काय, ते समाजानं आधीच देऊन ठेवलं होतं.

कुमुद पावडे यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नागपूरच्या दलित कुटुंबातल्या या मुलीनं संस्कृत घेतलं. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नव्हतं, त्यांना पर्शियन घ्यावं लागलं होतं. त्याच समाजातली मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली, आणि तरी नोकरी मिळेना. 'अंतःस्फोट' या पुस्तकात त्यांनी लिहिलं आहे की सोमकुवर हे माहेरचं आडनाव असेपर्यंत दारं बंद होती आणि आंतरजातीय विवाहानंतर पावडे आडनाव लागल्यावर ती उघडली. ज्ञान तेच, बाई तीच. फक्त घराणं बदललं. विद्यापीठात गुणवत्ता मोजली जाते असं मानणाऱ्यांनी हे पान वाचावं.

या घरांत एक वारसा हमखास असतो, तो आईचा राहून गेलेला अभ्यास. 'मला नाही शिकता आलं, तू शीक' हे वाक्य ऐकून किती मुली पहाटे चारला उठल्या असतील याला गणती नाही. पण या वाक्याबरोबर ऋणही येतं. आईला हवी असते सुरक्षितता, म्हणून मुलीचं उद्दिष्ट नोकरी होतं: नर्सिंग, बी.एड., बँक, पोलीस भरती. तत्त्वज्ञान किंवा पुरातत्त्व घ्यावंसं वाटलं तरी ते तिला चैन वाटतं, आईच्या कष्टांशी बेइमानी वाटते. ज्ञानासाठी ज्ञान हे मूल्य सोसवतं ते ज्यांची आजी पदवीधर होती त्यांना. पहिल्या पिढीच्या मुलीला 'व्यावहारिक' म्हणून हिणवणाऱ्या प्राध्यापकांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. आणि तरीही संस्कृत घेणारी कुमुद निघतेच. हिशेब सगळा उलट असताना असं उद्दिष्ट कुणी धरतं, तेव्हा ते मूल्यानं धरलेलं असतं.

६. तीन आक्षेप

पहिला: संस्कार काहीच नसतात का? असतात. वेळेवर उठणं, वाचनाची सवय, खोटं न बोलणं हे घरातूनच येतं आणि त्याची किंमत मोठी आहे. पण हे संस्कार भावालाही तेवढेच मिळालेले असतात. मग बहिणीची वाट वेगळी का झाली, याचं उत्तर संस्कार देत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. हा सगळा गरिबीचा प्रश्न आहे, त्याला वारसा का म्हणायचं? फी माफ केली की सुटेल. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. निर्णय उत्तम आहे, त्याचा फायदा हजारो घरांना होईल. मात्र फीमाफीनं होस्टेल, मेस आणि प्रवास सुटत नाही; 'दोन अटेम्प्ट'ची मुदत तर मुळीच वाढत नाही. आणि पैसा असलेल्या घरातही हॉस्पिटलच्या खुर्चीचा प्रश्न येतोच, तो गरिबीच्या खात्यावर कसा टाकणार? पैसा कुणावर, कधी आणि कुठवर खर्च करायचा हे ठरवणारी पिढ्यांची सवय, तिलाच मी वारसा म्हणतो.

तिसरा: आता मुली शिकतातच, मग तक्रार कशाची? अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली देशात ४.३३ कोटी विद्यार्थी होते आणि त्यांत २.०७ कोटी मुली. संख्या जवळजवळ निम्मी, खरं आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. या दोन्ही प्रकारच्या मुली एकाच राज्यात, कित्येकदा एकाच भावकीत नांदतात. त्यातही एक गोम आहे. चांगलं स्थळ यावं म्हणून मिळवलेली पदवी आणि काम करता यावं म्हणून मिळवलेली पदवी पटावर सारखीच दिसतात.

७. बोलण्याची जागा

मग घरानं करायचं काय? वारशाचं कौतुक थांबवावं असं मी म्हणत नाही. पण कौतुकाची जागा बदलावी. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून अविवाहित हिंदू मुलींना आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं देशभरातल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच मुलाइतका वाटा आहे. हा वाटा लग्नाच्या बाजारात विसरला जातो आणि नंतर एखाद्या दुपारी तलाठ्याकडं किंवा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही घेऊन संपवला जातो. साडीचोळी देऊन बहिणीची बोळवण होते. त्या वाट्यातून तिचं एम.टेक., तिची पीएच.डी., तिचा तिसरा आणि चौथा अटेम्प्ट सहज निघाला असता, हे कुणी बोलत नाही. 'मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च केला' असं ऐकवणाऱ्या घरानं तो खर्च तिच्याच वाट्यातला होता का, हे एकदा कागदावर मांडून पाहावं.

ज्यांच्या घरी यंदा मुलगी बारावीला आहे त्यांना माझी विनंती एवढीच. ऑप्शन फॉर्म भरायला बसाल तेव्हा सातबारा आणि मिळकतीचे कागदही त्याच टेबलावर ठेवा, तिचा वाटा किती हे तिला आकड्यात सांगा आणि मग विचारा, तुला काय शिकायचं आहे. फॉर्मवरचा पसंतीक्रम तिला तिच्या हातानं लावू द्या.